उजव्या कानामागचा उजेड

आमच्या भावोजींना सगळं ऑफिस ‘उद्या’ म्हणतं. तोंडावर नाही, तोंडावर ‘काका’च. पण पाठीमागे "उद्या आले का?" "उद्या आत्ताच चहाला गेले," असं दिवसभर चालू असतं, आणि नवीन माणसाला पहिले दोन दिवस वाटतं, आपण कुठल्या वेड्यांच्या बाजारात येऊन पडलो.

दोष भावोजींचाच. आमचं ऑफिस आर्किटेक्टचं. मॅडम इमारती आखतात, मी नकाशे काढते आणि भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं करतात. अशी की बघणाऱ्याला वाटावं, फोटोच आहे. गेली सव्वीस वर्षं हेच. आधी ब्रश आणि पोस्टर कलर होते, मग कॉम्प्युटर आला. त्यांचं सॉफ्टवेअर जुन्या वळणाचं. सूर्य कुठे आहे, खिडकी किती रुंद, समोरची भिंत किती उंच, हे सगळं त्याला सांगायचं, आणि मग एकेक किरण कुठे आपटतो, कुठून परततो हे ते मोजत बसतं. एका चित्राला बारा-बारा तास. चित्र कधी मिळेल असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "उद्या सकाळी निघेल." त्यांचा कॉम्प्युटर इतका तापतो आणि त्याचा पंखा अशा शिट्ट्या मारतो की आम्ही त्याला कुकर म्हणतो.

घरीही तीच तऱ्हा. ताई म्हणते, "माझ्या घरात बल्ब बदलायला पंधरवडा लागतो." खोटं नाही. भावोजी आधी खुर्ची टाकून त्या खोलीत बसतात, सकाळी बसतात, दुपारी बसतात, मग म्हणतात, "इथे जरा पिवळा हवा." लग्नाच्या फोटोत ताईच्या नाकाची सावली चुकीच्या बाजूला पडली आहे, हे ते एकोणीस वर्षं सगळ्या पाहुण्यांना दाखवत आलेत. ताई म्हणते, नाक तरी बरोबर पडलंय ना, मग गप्प बसा.

आणि त्यांच्या प्रत्येक चित्रात दाराशी एक चपलांचा जोड असतो. बँक असो, दवाखाना असो, कोपऱ्यात कुठेतरी चपला. "माणूस आत आहे असं वाटायला पाहिजे," म्हणतात. एकदा पोहण्याच्या तलावाच्या चित्रात चपला काठावर होत्या आणि पाण्यात कोणीच नव्हतं. ते चित्र बघून मालकांचा चेहरा असा काही पडला की मॅडमना स्वतः बसून त्या चपला पुसाव्या लागल्या.

तर अशा माणसाच्या बोकांडी मी नवीन तंत्र आणून बसवलं. माझा स्वभाव तुम्हाला सांगूनच ठेवते: मला थांबता येत नाही. लिफ्ट आली नाही की मी जिना चढते आणि वर पोचल्यावर लिफ्टला शिव्या देते. तीन महिने शिकवणीला जाऊन मी ते तंत्र शिकले. जागेत कॅमेरा घेऊन फिरायचं, सगळ्या बाजूंनी पाच-सहाशे फोटो काढायचे, आणि ते सॉफ्टवेअरला द्यायचे. ते त्या फोटोंवरून अख्खी जागा पुन्हा उभी करतं. विटांची नाही, लाखो मऊ रंगीत ठिपक्यांची. पण लांबून बघाल तर हुबेहूब. भिंतीवरचा ओघळ, टॉवेलाची दशी, सगळं. ती जागा उचलून मॅडमच्या नव्या इमारतीत ठेवायची, आणि दुसऱ्या एका झटपट सॉफ्टवेअरमध्ये माउस हलवत तिच्यात फिरायचं. लगेच. उद्या नाही, आत्ता.

मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, "पुढच्या वर्षापासून एकच पद्धत ठेवू. हे दुकान-गल्लीचं काम होऊ दे, मग ठरवू कोणती." कोणती ते सगळ्यांना कळलं होतं. भावोजी कुकर पुसत बसले.

दुकान-गल्ली म्हणजे दोन रस्त्यांना जोडणारी, वरून छत असलेली जुनी गल्ली. आत अकरा दुकानं. छत गळत होतं, फरशा उखडल्या होत्या, आणि ती नव्याने बांधायचं काम आम्हाला मिळालं होतं. अट एकच, अकराही दुकानदारांनी नव्या आराखड्यावर सही करायची. दहा जणांनी केली. अकरावे सलूनवाले आजोबा. त्यांचं दुकान गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या खिडकीचं. नव्या आराखड्यात तिथे जिना येत होता आणि सलून समोरच्या रांगेत मध्यावर जात होतं. जुन्यापेक्षा मोठं, काचेच्या दर्शनी भिंतीचं. तरी आजोबांचं आपलं एकच, "मी कुठे जाणार नाही." का, ते सांगायचे नाहीत. मिठाची गुळणी धरून बसलेले.

"म्हातारा हट्टी आहे," मी म्हटलं. "त्याला त्याचंच दुकान नव्या जागी फिरून दाखवते. बघा कसा विरघळतो."

सोमवारी मी आणि भावोजी गेलो. ते का आले? केस वाढले होते म्हणून. ताईने आठवडाभर टुमणं लावलं होतं. आजोबांना मी विचारलं, "दुकानाचे फोटो काढू का?" ते म्हणाले, "काढा की. फोटोने दुकान काय झिजतं?" भावोजींना खुर्चीत बसवलं, गळ्याला कापड बांधलं, कात्री सुरू झाली. मी फिरून फिरून क्लिक करत होते. या तंत्रात एक पथ्य असतं: फोटो काढेपर्यंत जागेतलं काही हलता कामा नये. मला ते तोंडपाठ होतं. पण कात्री चालवणाऱ्या माणसाला हलू नका कसं सांगणार? म्हटलं, चालतंय, पुढे बघू.

दोनेकशे फोटो झाल्यावर आजोबांनी विचारलं, "एवढे कशाला हो?"

आणि मी, शहाणी, कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हणाले, "तुमचं दुकान समोर न्यायचंय ना, त्याच्यासाठी."

कात्री थांबली. आजोबांनी भावोजींच्या गळ्याचं कापड सोडलं, झटकलं, घडी करून खुंटीला लावलं. "साहेब, तुम्हीही त्याच ऑफिसातले?" भावोजींनी मान हलवली. आजोबा बाहेर जाऊन गल्लीत हाताची घडी घालून उभे राहिले. इकडे भावोजींच्या डोक्याची डावी बाजू चकाचक, आणि उजवीकडे कानावर झिपऱ्या तशाच.

मला लाज वाटायला हवी होती. पण मी काय केलं? म्हटलं, "भावोजी, आता कोणी हलत नाहीये. पाच मिनिटं तसेच बसा!" आणि उरलेले चारशे फोटो काढून घेतले. ते बिचारे बसले.

त्या संध्याकाळी ताईने दार उघडलं आणि किंचाळलीच. मग मला फोन. "तू माझ्या नवऱ्याला घेऊन गेलीस आणि अर्धा परत आणलास?" मी म्हटलं, कोपऱ्यावर दुसरं सलून आहे, दहा मिनिटांचं काम. पण भावोजी ऐकेनात. "ज्याने सुरू केलं तोच पुरं करेल. अर्ध्यावर सोडलेलं काम दुसऱ्याच्या हातात देत नाहीत." ताईने कपाळावर हात मारला आणि लोकरीची टोपी काढून दिली. उन्हाळा होता. पुढचे दिवस ते टोपी घालून ऑफिसला येत होते आणि घामाने निथळत कुकरशेजारी बसत होते.

गुरुवारी माझं सगळं तयार झालं. आरशांनी थोडा घोळ घातला होता. सॉफ्टवेअरला आरसा कळत नाही, त्याने भिंतीपलीकडे आणखी एक उलटं सलून उभं केलं होतं. हलत राहिल्यामुळे आजोबांचं धुकं झालं होतं, आणि त्या धुक्याला सात-आठ हात. पण बाकी! खिडकीतून आलेला तो दुधासारखा उजेड, बेसिनची चीर, आणि खुर्चीत भावोजी, अर्ध्या डोक्याचे, पण केसन् केस स्पष्ट. ते सगळं मी नव्या गल्लीत, नव्या जागी नेऊन ठेवलं. स्वतःवरच इतकी खूश झाले की दोनदा चहा घेतला.

मॅडमनी आजोबांना बोलावलं. आले, ते इस्त्रीचा शर्ट घालून. मी मोठ्या पडद्यावर त्यांना नव्या गल्लीतून चालवत नेलं आणि काचेचं दार ओलांडून दुकानात शिरले.

"अरे!" आजोबा खुर्चीतून उठले. "माझा टॉवेल! आणि हे धुकं कोण?"

"तुम्ही."

"एवढे हात असते तर अजून काय पाहिजे होतं." ते इतके हसले की खोकला लागला. मग माउस स्वतः घेतला आणि सरळ आरशात घुसले. "इकडे अजून एक सलून आहे की. हे कोणाचं?"

"तुमचंच, आरशातलं."

"मग त्याचीही सही लागेल," आजोबा म्हणाले, आणि मॅडमसुद्धा हसल्या. आजोबा बघत राहिले. खुर्चीवर पडलेला उजेड बघत होते, हे आता सांगते. तेव्हा मला कुठलं कळायला. शेवटी म्हणाले, "एवढा उजेड असेल तर मग माझं काही म्हणणं नाही. द्या पेन."

मी मनातल्या मनात उडी मारली. आणि मागून आवाज आला, "आजोबा, थांबा."

भावोजी. टोपी घालून उभे. "हा उजेड तिथला नाही. हा तुमच्या आताच्या खिडकीचा आहे. फोटोबरोबर तो ठिपक्यांत चिकटून आलाय. दुकान नव्या जागी ठेवलं तरी उजेड जुनाच दिसतोय. तिथे प्रत्यक्षात असा नसेल."

खरं सांगू? त्या क्षणी मला त्यांची टोपी ओढून काढावीशी वाटली. चार दिवसांच्या मेहनतीवर पाणी! आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांचं बरोबर होतं. फोटोतला उजेड फोटोतच राहतो, हे शिकवणीत पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी पुढे काय करायचंय याच्या घाईत ते विसरूनच गेले होते. सुंदर दिसतंय म्हटल्यावर कोण विचारतं, कुठून आलं?

"मग तिथे काय असेल?" आजोबांनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

भावोजींनी घसा साफ केला. "उद्या सांगतो."

कोणीही हसलं नाही, हे त्या ऑफिसात पहिल्यांदाच झालं. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं आणि केबिनमध्ये गेल्या. आजोबा गेल्यावर मी भावोजींवर तुटून पडले. "सही होत होती! दहा जण खोळंबलेत. मॅडम आता तुमचं सॉफ्टवेअर ठेवतील का? सॉफ्टवेअर सोडा, तुम्हालाच ठेवतील का?"

ते म्हणाले, "मेव्हणीबाई, तू फोटो काढत होतीस तेव्हा त्यांनी माझी खुर्ची किती वेळा फिरवली, पाहिलंस? चार वेळा. दर वेळी खिडकीकडे. वर दिवा होता, तो लावला नाही. आरशाखाली डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली होती, म्हणजे डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. दिव्याखाली कात्री चमकते, कातडी दिसत नाही. गिऱ्हाईक पळेल म्हणून बोलत नाहीत इतकंच. तो उजेड गेला तर त्यांचं काम गेलं. आणि त्यांना आपण तुझं चित्र दाखवून सही घेणार होतो."

"तुम्हाला त्यांनी सांगितलं?"

"कशाला सांगायला पाहिजे? मी खुर्चीत होतो."

मग मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले. माझ्या ठिपक्यांवरून आम्ही दुकानाचा साचा काढला, खुर्ची, आरसे, आणि खुर्चीतलं ते अर्धं डोकंही. रंगांत मुरलेला उजेड भावोजींनी एकेक करून पुसला. मग गल्लीचं नवं छत, समोरची सात मजली इमारत, वर्षभराचा सूर्य, सगळं सांगून त्यांनी कुकर लावला आणि आम्ही घरी गेलो.

चित्रं लहान ठेवली होती म्हणून शुक्रवारी सकाळी एकदम चार निघाली: नऊचं, अकराचं, एकचं, चारचं. नऊला बरं होतं. अकराला सात मजली इमारतीची सावली छतावर आली होती. आजोबा पुन्हा आले होते; ते पडद्याच्या इतके जवळ गेले की त्यांचा श्वास काचेवर उमटला. त्यांनी चित्रातल्या डोक्यावर, उजवीकडे बोट ठेवलं.

"कान कुठाय?"

तिथे कान होता, पण काळोखात. झिपऱ्या कुठे संपतात आणि कातडी कुठे सुरू होते ते कळत नव्हतं.

"इथे मी वस्तरा लावू शकणार नाही," आजोबा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी कारण सांगितलं. भावोजींकडे वळून म्हणाले, "साहेब, तुमचं डोकं होतं म्हणून कळलं." आणि सही न करता गेले.

मॅडम केबिनमध्ये. आम्ही दोघं बाहेर, शाळेत उभं केल्यासारखे. पंधरा मिनिटांनी दार उघडलं आणि मॅडम आराखड्याची गुंडाळी घेऊन आल्या. ती टेबलावर पसरली आणि म्हणाल्या, "काका, चूक माझी आहे. उजेड कुठे आहे ते दाखवा." मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, लगेच डोक्यावर बसल्या असत्या.

आता गंमत अशी, की भावोजींच्या कुकरवर एकेक जागा तपासायची तर महिना गेला असता. तिथे माझं झटपट सॉफ्टवेअर कामाला आलं. मी सलून उचलून इथे ठेवायचे, तिथे ठेवायचे, सूर्य फिरवायचे, आणि भावोजी पाठीमागून "नाही... नाही... हं, जरा थांब," करायचे. एका दुपारी एकतीस जागा पाहिल्या. एकतिसावी होती गल्लीच्या मागच्या टोकाला, अंगणाकडे उघडणारी, रुंद खिडकीची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत नरम, एकसारखा उजेड.

"ही इतकी छान जागा आपण कोणाला दिली होती?" मॅडमनी विचारलं.

मी नकाशा बघितला. झाडू आणि बादल्या ठेवायच्या खोलीला. झाडू-बादल्यांना सगळ्यात चांगला उजेड देऊन आम्ही वस्तरा चालवणाऱ्या माणसाला अंधारात बसवत होतो. आणि हट्टी कोण, तर म्हातारा!

पक्कं करायला पुन्हा कुकर लागला. मंगळवारी आम्ही छापलेली चित्रं घेऊन आजोबांच्या दुकानात गेलो, मॅडमही आल्या. अकराच्या चित्रात उजव्या कानामागचा एकेक केस मोजता येत होता. दाराशी चपलांचा जोडही होता, अर्थात. आजोबांनी चित्र खिडकीपाशी नेऊन पाहिलं, उलटं करून पाहिलं, मग भावोजींना विचारलं, "हा उजेड कुठला?"

"तिथलाच," भावोजी म्हणाले.

मॅडमनी पेन पुढे केलं. आजोबांनी ते बाजूला ठेवलं. "सही नंतर. आधी बसा साहेब. आणि ती टोपी काढा, मला बघवत नाही." त्यांनी खुंटीवरचं कापड घेतलं, खुर्ची खिडकीकडे फिरवली आणि आठ दिवस राहिलेली उजवी बाजू पुरी केली. मग कंगवा खिशात ठेवून सही केली. ताईने त्या रात्री मला फोन करून सांगितलं, "नवरा पूर्ण मिळाला. पोच देते."

दोन्ही सॉफ्टवेअरं राहिली. मॅडमनी फक्त एक नियम केला: माझं कुठलंही चित्र गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी भावोजी विचारणार, उजेड कुठला? मला राग येतो. रोज येतो. तरी मी उत्तर देते, आणि उत्तर माहीत नसेल तर आता खुर्चीत जाऊन बसते.

गल्ली वर्षभराने उघडली. आजोबांच्या नव्या दुकानात पहिलं गिऱ्हाईक भावोजी, वेळ अकराची, मुद्दाम. मी कॅमेरा घेऊन दारात उभी होते. विचारायचं धाडस होत नव्हतं. आजोबांनीच वळून पाहिलं. "काढा की फोटो. आता मी कुठे जाणार नाही."

त्यांनी खुर्ची एकदाच फिरवली, भावोजींचा उजवा कान अंगठ्याने पुढे दुमडला आणि वस्तरा लावला. आरशावर वायरमनने नवा दिवा बसवून दिला होता, एकदम भारीतला. त्याच्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही.